कंबरदुखी, माग आणि मुदत

मोहाडी आणि आंधळगावच्या विणकरांकडून कोशाचा माल घेत मला आज तीस वर्षे झाली. साडीच्या काठावर करवतीसारखे दाते उमटवणारा हा कारागीर खड्ड्यात पाय सोडून बसतो. पाय पावड्यांवर, हात धोट्यावर, पाठ पुढे वाकलेली आणि मागे टेकायला काही नाही. संध्याकाळी उठतो तेव्हा त्याचा एक हात जमिनीवर असतो आणि दुसरा कमरेवर. हे दृश्य मी इतक्या वेळा पाहिले की त्यात काही वेगळे वाटेनासे झाले होते. माझी स्वतःची कंबर धरली तेव्हा डोळे उघडले.

कापडाची गाठ उचलताना चमक भरली आणि काही केल्या जाईना. कळ पायात उतरू लागली. आमच्या घरात जुनी माणसे याला इर्कुन्नसा म्हणत. दवाखान्यात सायटिका म्हणतात. आधी घरचे इलाज झाले. मोहाच्या टोळीचे तेल, एरंडाची तापवलेली पाने, मिठाची पुरचुंडी. शेकाने रात्री झोप लागायची, सकाळी दुखणे हजर.

मग आठवडी बाजारातल्या एका जडीबुटीवाल्याकडून पुड्या घेतल्या. दोन दिवसांत मी तरुणासारखा चालू लागलो! चार जणांना पत्ताही सांगितला, याची आज लाज वाटते. तीन महिन्यांत चेहरा सुजला, रक्तातली साखर वाढली. पुडीत स्टिरॉइड मिसळलेले असावे, असे डॉक्टर म्हणाले. अशी पुडी बरेच दिवस घेतली असेल तर ती एकदम बंद करणेही धोक्याचे असते. डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सोडावी.

फिजिओथेरपीतही पहिल्यांदा फसलोच. दहा दिवस मशीनचा शेक, कमरेला ओढ, वर पट्टा. बिल मोठे, फरक थोडा. पुढे नागपूरला एका तरुण फिजिओथेरपिस्टने मशीनला हातही लावला नाही. दुकानात गादीवर किती तास बसता, थान कसे उचलता, हे विचारले. तीन-चार व्यायाम करून घेतले, रोज चालायला सांगितले आणि पंधरा दिवसांनी बोलावले. एवढ्याचीच फी? असे मनात आले. पण दोन महिन्यांत फरक पडला. खुर्चीवर नमाज पढायची सवय लागली होती, ती सुटली.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकणाऱ्या कंबरदुखीबाबत मार्गदर्शन प्रसिद्ध केले. व्यायाम, मालिश आणि रुग्णाला नीट समजावून सांगणे यांची त्यात शिफारस आहे. कमरेचा पट्टा, ओढ आणि अल्ट्रासाउंडचा शेक नेहमीचा उपचार म्हणून देऊ नये, असेही म्हटले आहे. म्हणजे ज्यावर माझा पैसा गेला तेच! २०२० मध्ये जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. आपल्या हकिमांनाही ही गोष्ट नवी नाही. इब्ने सीनाच्या 'अल-कानून'मध्ये रियाजत, म्हणजे व्यायाम, आणि दल्क, म्हणजे मालिश, यांचा सविस्तर विचार आहे. तेल लावा, शेक घ्या, पण त्याने मिळालेल्या आरामात हालचाल करा. पडून राहिल्याने कंबर अधिकच आखडते. हिजामा करणाऱ्यांनी स्वच्छतेची खात्री करावी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

मात्र लघवी-शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा पायातली ताकद कमी झाली तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. दुखण्याबरोबर ताप येत असेल, वजन घटत असेल तर मणक्याच्या क्षयाची तपासणी करून घ्यावी. तेथे तेलाचे काम नाही.

हे सगळे मी आंधळगावच्या एका विणकराला सांगितले. अर्ध्या तासाने उठावे, चार पावले चालावे, बसायला जाड गादी घ्यावी. तो हसला. "भाई, उठत राहिलो तं नग कोण पुरा करल?" मजुरी नगावर आहे. लग्नसराईच्या तोंडावर मुदत मीच कमी करतो, माल उशिरा आला तर कुरकुरही मीच करतो. त्याच्या कमरेच्या दुखण्यात माझ्या वहीचा हात आहे, हे त्या दिवशी प्रथम ध्यानात आले.

या हंगामात मी प्रत्येक साडीमागे चार दिवस मुदत वाढवून दिली. दोघांनी मागाशेजारी चटई टाकून दुपारी व्यायाम सुरू केला आहे. तिसरा म्हणतो, मुदत नको, मजुरी वाढवा. त्याच्याशी बोलणे अजून चालू आहे.