अलिंद, कर्णिका आणि अंगावरून गेलेले वारे

मराठीत एखाद्याची एक बाजू अकस्मात लुळी पडली की त्याच्या अंगावरून वारे गेले, असे म्हणतात. 'अर्धांगवायू' या संस्कृत शब्दातही वायूच आहे. 'पक्षाघात' हा शब्द शरीराच्या बाधित बाजूचा निर्देश करतो, तर अरबीतून आलेला 'लकवा' मुळात तोंड वाकडे होण्याचे नाव आहे. या चारही संज्ञा परिणाम सांगतात; विकार जेथे घडतो त्या मेंदूचा उल्लेख त्यांपैकी एकीतही नाही. मग त्या विकाराचे मूळ कित्येकदा हृदयात असते, हे शब्दावरून सुचणार तरी कसे? डहाणू आणि तलासरी या तालुक्यांत हा प्रश्न केवळ व्युत्पत्तीचा राहत नाही.

प्रथम हृदयाची रचना पाहू. हृदयाचे कप्पे चार : वरचे दोन रक्त स्वीकारणारे, खालचे दोन रक्त ढकलणारे. जुन्या मराठी पुस्तकांत वरच्या कप्प्यास 'कर्णिका' व खालच्यास 'जवनिका' म्हणत. पुढे 'अलिंद' व 'निलय' या संज्ञा रूढ झाल्या. संस्कृतात अलिंद म्हणजे घराच्या दारापुढील ओसरी. आलेले रक्त क्षणभर थांबून आत जाते, हे कार्य त्या शब्दातून नेमके सूचित होते. मात्र या बदलात एक गोष्ट दृष्टीआड झाली. डाव्या अलिंदास कानाच्या पाळीसारखी एक लहान, वेडीवाकडी पिशवी जोडलेली असते. 'कर्णिका' हे नाव खरे शोभते ते या पिशवीला. प्रस्तुत विषयात सर्वांत महत्त्वाची जागा तीच होय.

निरोगी हृदयात उजव्या अलिंदातील एका केंद्रातून निघालेला विद्युत्संदेश मिनिटास साठ ते शंभर वेळा सर्वत्र पसरतो. अलिंदाचे तंतुकंपन, म्हणजेच एट्रियल फिब्रिलेशन, या विकारात तो क्रम मोडतो. अलिंदात मिनिटास साडेतीनशेहून अधिक विस्कळीत संदेश उठतात. त्याच्या भिंती आकुंचन न पावता नुसत्या थरथरतात. रक्त पुढे सरकते, परंतु कर्णिकेच्या कोपऱ्यांत ते साचते आणि गोठते. 1996 साली प्रसिद्ध झालेल्या एका संकलनानुसार, झडपेचा संधिवातजन्य विकार नसलेल्या रुग्णांत अलिंदातील सुमारे नव्वद टक्के गुठळ्या या पिशवीत आढळल्या होत्या. गुठळी सुटली की द्विदल झडप, डावे निलय व महारोहिणी या मार्गाने ती मेंदूच्या रोहिणीत जाऊन अडकते. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथील पाहणीत 1978 साली असे दिसून आले की, तंतुकंपनामुळे पक्षाघाताचा धोका पाचपटींहून अधिक वाढतो. संधिवातजन्य हृदयविकाराची जोड असल्यास तो सतरापटींवर जातो. हा दुसरा विकार बालपणी घशाला झालेल्या जंतुसंसर्गातून उद्भवतो आणि दाटीची वस्ती व उपचारांचा अभाव असेल तेथे तो अधिक आढळतो.

गुठळी मेंदूच्या डाव्या भागात अडकली, तर उजवे अंग लुळे पडते आणि पुष्कळदा वाचाही जाते. वाचेचा आणि डाव्या मेंदूचा संबंध ब्रोका याने 1861 पासून मांडला. म्हणजे ज्या आघाताचे वर्णन करावयाचे, तोच वर्णनाचे साधन हिरावून घेतो. अशा रुग्णाच्या वतीने घरच्यांनाच बोलावे लागते.

डहाणू व तलासरी हे तालुके 1 ऑगस्ट 2014 पासून पालघर जिल्ह्यात आहेत. येथे वारली मोठ्या प्रमाणावर बोलली जाते. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या सातव्या खंडात तिची नोंद मराठीच्या परिवारात आहे. गुजरातच्या सीमेमुळे गुजरातीही कानी पडते. दवाखान्यातील 'अलिंद' किंवा 'फिब्रिलेशन' हे शब्द या बोलींत कोठेच बसत नाहीत. प्रमाण मराठीतील परिचित शब्दही दिशाभूल करू शकतात. 'काळीज धडधडते' याचा रूढ अर्थ भीती वाटते असाच होतो. म्हणून छातीतील खऱ्या धडधडीची तक्रार भीती समजून सोडून दिली जाण्याचा संभव असतो. कित्येकांना तर धडधड जाणवतही नाही. मनगटावरील नाडीच्या ठोक्यांत कोणताच ताल नसणे ही मात्र बोटांना कळणारी खूण आहे. खात्री ईसीजीने होते.

उपचारातही अडचण अर्थाचीच आहे. रक्त गोठू न देणाऱ्या औषधाने रुग्णास बरे वाटत नाही. ते केवळ भावी आघात टाळते. संधिवाताने झडप अरुंद झालेल्या रुग्णांत नव्या औषधापेक्षा जुने वॉरफेरीनच्या वर्गातील औषध अधिक हितकारक ठरल्याचे 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दिसले. परंतु त्यासाठी रक्ताची वारंवार तपासणी लागते. पाड्यावरून तालुक्याच्या गावी जाण्यात मजुरीचा दिवस बुडतो. 'वारे' बाहेरून येते, असे मानणारा माणूस हृदयाची गोळी कशासाठी चालू ठेवील?

यास्तव आशा कार्यकर्तीने नवी संज्ञा पाठ करविण्यापेक्षा एक साखळी सांगावी, हे बरे : ओसरीच्या कोपऱ्यात पाणी साचते तसे हृदयाच्या पिशवीत रक्त साचते, त्याची गुठळी होते, ती डोक्यात जाते आणि मग हातपाय जातात. ही साखळी बोलीत उतरली की 'वारे' हा शब्द राहिला तरी बिघडत नाही. ते कोठून सुटते, हे मात्र ऐकणाऱ्यास कळलेले असते.