संघटित गुन्हेगारी आणि आरोपीचे हक्क

दिल्लीच्या नैर्ऋत्य भागात, विमानतळाच्या पलीकडे, द्वारका हे उपनगर वसलेले आहे. दिल्ली विकास प्राधिकरणाने त्याची आखणी सेक्टरवार केली असून सेक्टर १० मध्ये जिल्हा न्यायालयाचे संकुल आहे. हे संकुल २००८ साली सुरू झाले. खंडणी, अपहरण व टोळ्यांमधील हत्या यांचे जे खटले येथे चालतात, त्यांपैकी काहींच्या आरोपपत्रावर एका दूरच्या राज्याचे नाव आढळते. तो कायदा म्हणजे 'महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण अधिनियम, १९९९' होय. मराठी वृत्तपत्रांत त्याला 'मोक्का' म्हणतात, तर दिल्लीत 'मकोका'.

महाराष्ट्राचा कायदा दिल्लीत लागू होण्यामागे एक वैधानिक तरतूद आहे. एखाद्या राज्याने केलेला कायदा केंद्रशासित प्रदेशास लागू करण्याचा अधिकार १९५० च्या एका अधिनियमाने केंद्र सरकारला दिला आहे. त्यानुसार केंद्रीय गृहमंत्रालयाने २ जानेवारी २००२ रोजी अधिसूचना काढून हा कायदा दिल्लीस लागू केला. तथापि या कायद्याचा प्रवास मुंबईपासूनच सुरू होतो असे मानणे बरोबर होणार नाही. त्याची मूळ कल्पना अमेरिकेतील आहे. ती इकडे येताना तिच्यातील काय आले आणि काय मागे राहिले, हे पाहिल्यावाचून या कायद्याचे गुणदोष नीट समजत नाहीत.

अमेरिकेतील पार्श्वभूमी

१९६३ साली ॲरिझोना राज्यातील फिनिक्स शहरात अर्नेस्टो मिरांडा या इसमास अपहरण व बलात्काराच्या आरोपावरून अटक झाली. पोलिसांच्या चौकशीत त्याने लेखी कबुली दिली व त्या आधारे त्याला शिक्षा झाली. १३ जून १९६६ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती शिक्षा रद्द केली. सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांच्या निकालाचा आशय असा होता की, पोलिसांच्या ताब्यातील माणसाला गप्प राहण्याचा व वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क आहे हे आधी सांगितलेच पाहिजे. तसे न करता मिळविलेली कबुली त्याच्याविरुद्ध वापरता येणार नाही. मिरांडा सुटला असा एक समज आहे, तो खरा नाही. १९६७ मध्ये त्या कबुलीवाचून त्याचा फेरखटला चालला आणि इतर पुराव्याच्या बळावर तो पुन्हा दोषी ठरला.

या निकालाने राजकारण ढवळून निघाले. १९६८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत रिचर्ड निक्सन यांनी 'कायदा आणि सुव्यवस्था' हा प्रचाराचा प्रमुख मुद्दा केला आणि न्यायालये गुन्हेगारांना झुकते माप देतात अशी टीका केली. त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने केलेल्या कायद्यात दोन गोष्टी होत्या. न्यायाधीशाच्या आदेशाने दूरध्वनीवरील संभाषण चोरून ऐकण्याची मुभा पोलिसांना मिळाली. तसेच मिरांडा निकाल निष्प्रभ करण्याच्या हेतूने, कबुली स्वेच्छेची असली म्हणजे पुरे, असे कलम घालण्यात आले.

पुढे १९७० साली 'रिको' या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. जुन्या फौजदारी कायद्याची अडचण अशी होती की, खून करणारा हस्तक सापडे, पण खून करविणारा नायक सापडत नसे. कारण प्रत्येक गुन्ह्याचा विचार सुटा सुटा होई. रिकोने टोळी हाच एक उद्योग मानला. दहा वर्षांच्या कालावधीत ठरावीक प्रकारचे किमान दोन गुन्हे करून त्या उद्योगाचा कारभार चालविणे, हाच स्वतंत्र गुन्हा ठरला. १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या माफिया घराण्यांच्या प्रमुखांना याच कायद्याखाली दोषी ठरविण्यात आले. तो खटला उभारणारे सरकारी वकील रुडॉल्फ जुलियानी यांच्या राजकीय कारकिर्दीचा पाया त्यातूनच घातला गेला.

मुंबईचा अनुभव

१९९० नंतरच्या मुंबईत अशाच स्वरूपाचा प्रश्न उभा होता. बांधकाम व्यावसायिक, हॉटेलमालक व चित्रपट-निर्माते यांच्याकडून खंडणी वसूल होत असे. जानेवारी १९९७ मध्ये कामगार नेते दत्ता सामंत यांची आणि ऑगस्टमध्ये ध्वनिफितींच्या व्यवसायातील गुलशनकुमार यांची भर रस्त्यात हत्या झाली. टोळ्यांचे सूत्रधार परदेशात बसून दूरध्वनीवरून हुकूम देत. साक्षीदार पुढे येण्यास भीत आणि जामिनावर सुटलेला आरोपी पुन्हा टोळीच्या कामास लागे. दहशतवादविरोधी 'टाडा' कायदा त्याच्या दुरुपयोगाबद्दल झालेल्या टीकेमुळे १९९५ मध्ये मुदत संपताच मावळला होता. अशा परिस्थितीत २४ फेब्रुवारी १९९९ पासून महाराष्ट्रात मोक्का अमलात आला. लोकांची भीती खरी होती, आणि नव्या कायद्याची गरजही निराधार नव्हती, हे प्रथम मान्य केले पाहिजे.

मोक्काची मध्यवर्ती कल्पना रिकोशी मिळतीजुळती आहे. येथेही टोळी हे एकक आहे आणि दहा वर्षांचाच काळ आहे. मात्र साम्य येथपर्यंतच पोचते. दोन्ही व्यवस्था चार बाबतींत एकमेकींपासून दूर जातात.

पहिली बाब पूर्वीच्या गुन्ह्यांची. रिकोखाली ते गुन्हे त्याच खटल्यात निःसंशय सिद्ध करावे लागतात. मोक्का लावण्यासाठी, तीन वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या दखलपात्र गुन्ह्यांबद्दल मागील दहा वर्षांत एकाहून अधिक आरोपपत्रे दाखल झालेली असणे आणि न्यायालयाने त्यांची दखल घेतलेली असणे पुरेसे होते. आरोपपत्र म्हणजे दोषसिद्धी नाही, हा भेद येथे पुसट होतो.

दुसरी बाब दूरध्वनी ऐकण्याची. अमेरिकेत त्यासाठी सामान्यतः न्यायाधीशाचा आदेश लागतो. मोक्काखाली ही परवानगी गृहविभागाचा सचिव दर्जाचा अधिकारी देतो व एक समिती तिचा फेरविचार करते. म्हणजे मागणारे आणि देणारे दोघेही शासनाचेच घटक असतात. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने ही कलमे वैध ठरविली. त्याच निकालात जामिनाच्या एका पोट-कलमातील काही शब्द मात्र घटनाबाह्य म्हणून वगळले.

तिसरी बाब जामिनाची. अमेरिकेच्या १९८४ च्या कायद्यानुसार धोकादायक आरोपीला खटल्यापूर्वी स्थानबद्ध ठेवता येते व तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये, एका माफिया प्रमुखाच्याच प्रकरणात, ते मान्य केले. परंतु तो धोकादायक आहे हे सबळ पुराव्याने दाखविण्याचे ओझे सरकारवर असते. मोक्काखाली न्यायालयास आरोपी निर्दोष असल्याचे मानण्यास वाजवी कारण दिसले पाहिजे आणि तो बाहेर गेल्यास गुन्हा करणार नाही याची खात्री पटली पाहिजे. एरवी सरकारी वकिलाच्या विरोधास न जुमानता जामीन देता येत नाही. आरोपपत्र दाखल करण्याची नेहमीची ९० दिवसांची मुदतही १८० दिवसांपर्यंत वाढविता येते. ज्याच्यावरील आरोप अजून तपासले गेलेले नाहीत, त्याने आपले निर्दोषत्व आधीच सुचवावे, अशी ही अपेक्षा आहे.

कबुलीजबाबाचा प्रश्न

चौथी बाब सर्वांत महत्त्वाची आहे. पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून ग्राह्य धरू नये, हा नियम भारतात मिरांडा निकालाच्या शंभर वर्षे आधीपासून आहे. तो १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होता, तेथून १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या २५ व्या कलमात आला आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. १८७२ च्या कायद्याचा मसुदा तयार करणारे जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी एका अनुभवी अधिकाऱ्याने सांगितलेले कारण नमूद करून ठेवले आहे. त्याचे तात्पर्य असे की, उन्हातान्हात हिंडून पुरावा गोळा करण्यापेक्षा सावलीत बसून एखाद्या गरिबाच्या डोळ्यांत तिखट घालणे सोपे असते. हा नियम परकीय सत्तेने केला, यावरूनच त्यामागे केवळ दयाबुद्धी नव्हती हे उघड आहे. आयती कबुली मिळू लागली की तपासाची सवय मोडते, हा व्यावहारिक अनुभव त्याच्या मुळाशी होता.

मोक्काच्या १८ व्या कलमाने या नियमाला अपवाद केला. पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने नोंदविलेला कबुलीजबाब त्या आरोपीविरुद्ध आणि सहआरोपींविरुद्धही ग्राह्य ठरतो. काही दक्षताही सांगितल्या आहेत. कबुली देण्यास तो बांधलेला नाही हे आरोपीला आधी बजावले पाहिजे. कबुलीजबाब व आरोपी यांना विनाविलंब मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नेले पाहिजे. छळाची तक्रार असल्यास वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. कागदावर या दक्षता पुरेशा वाटतात. त्यांची कसोटी मुंबईतच लागली.

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या उपनगरी गाड्यांत अकरा मिनिटांत सात बाँबस्फोट झाले. १८९ माणसे मृत्युमुखी पडली व ८०० हून अधिक जखमी झाली. खटला मोक्काखाली चालला आणि कबुलीजबाब हा त्याचा प्रमुख आधार होता. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरविले. पाच जणांना फाशीची व सात जणांना जन्मठेपेची शिक्षा दिली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या सर्वांना निर्दोष ठरविले. कबुलीजबाब स्वेच्छेचे नाहीत, त्यांतील मजकूर एकमेकांशी जुळता आहे व छळाची तक्रार दुर्लक्षिण्याजोगी नाही, असे न्यायालयास आढळले. बारांपैकी एकाचा २०२१ साली तुरुंगातच मृत्यू झाला होता. राज्य सरकारच्या अपिलावर २४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, हा निकाल इतर मोक्का खटल्यांत पूर्वोदाहरण मानू नये; मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात जाण्यास सांगितले नाही.

दहाच दिवसांनी, ३१ जुलै रोजी, २००८ च्या मालेगाव स्फोटातील सातही आरोपी विशेष न्यायालयातून निर्दोष सुटले. तेथेही प्रारंभी मोक्का लावण्यात आला होता. पुढे राष्ट्रीय तपास यंत्रणेने तो मागे घेतला, तेव्हा त्याखाली नोंदविलेले कबुलीजबाबही निरुपयोगी झाले. या दोन खटल्यांतील आरोपींचे धर्म भिन्न होते आणि त्यांच्यामागील राजकीय सहानुभूतीही भिन्न होती. ज्यांनी एका निकालाचे स्वागत केले त्यांपैकी अनेकांना दुसरा रुचला नाही. परंतु पुराव्याच्या दृष्टीने दोन्हींचा धडा एकच आहे. स्फोटांत ज्यांची माणसे गेली, त्या कुटुंबांना १७ ते १९ वर्षांनंतरही दोषी कोण याचे उत्तर मिळालेले नाही. आरोपीच्या हक्काची हानी झाली, ती अखेर पीडितांच्या न्यायाचीही हानी ठरली.

शस्त्र कोणाच्या हाती

अमेरिकेतील घटनाक्रमाचा उत्तरार्धही उद्बोधक आहे. मिरांडा निकाल मोडू पाहणारे १९६८ चे कलम २००० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी अमान्य केले. निकालपत्र लिहिणारे सरन्यायाधीश विल्यम रेनक्विस्ट यांची त्या न्यायालयावर प्रथम नेमणूक निक्सन यांनीच केली होती. बत्तीस वर्षांत पोलिसांनी तो नियम अंगवळणी पाडून घेतला होता. त्यामुळे टोळ्यांविरुद्धचे खटले थांबले नव्हते. रिकोखालील मोठे विजय दीर्घ तपास, न्यायाधीशाच्या आदेशाने ऐकलेली संभाषणे आणि फुटलेल्या साथीदारांच्या साक्षी यांतून मिळाले. त्यासाठी मिरांडा नियम बाजूला ठेवावा लागला नाही.

दुसरी गोष्ट कायद्याच्या विस्ताराची. जॉर्जिया राज्याने रिकोच्या धर्तीवर स्वतःचा कायदा केला होता. त्याखाली २०२३ साली पोलीस प्रशिक्षण केंद्रास विरोध करणाऱ्या चळवळीतील ६१ जणांवर आरोप ठेवण्यात आले. त्याच वर्षी, त्याच कायद्याखाली, २०२० च्या निवडणुकीचा निकाल फिरविण्याच्या प्रयत्नाबद्दल माजी अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प व अन्य अठरा जणांवर खटला दाखल झाला. त्या अठरांत जुलियानी होते. ट्रम्प २०२४ मध्ये पुन्हा निवडून आले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो खटला संपुष्टात आला. आरोप योग्य होते की अयोग्य हा प्रश्न निराळा. पण माफियासाठी घडविलेले शस्त्र चळवळीतील तरुणांपर्यंत, राष्ट्राध्यक्षापर्यंत आणि ते प्रथम परजणाऱ्यापर्यंत पोचले, हे नाकारता येत नाही.

भारतीय न्याय संहितेच्या १११ व्या कलमाने १ जुलै २०२४ पासून संघटित गुन्हेगारीची कल्पना साऱ्या देशाच्या सर्वसाधारण फौजदारी कायद्यात आणली आहे. दहा वर्षे व एकाहून अधिक आरोपपत्रे हा मोक्काचाच साचा तेथे दिसतो. मात्र पोलिसांपुढील कबुलीस पुराव्याचे स्थान देणारी तरतूद त्या कलमात नाही. टोळीला टोळी म्हणून शिक्षा करता यावी आणि तरीही गुन्हा पुराव्यानेच सिद्ध व्हावा, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे या रचनेने अप्रत्यक्षपणे मान्यच केले आहे. द्वारकेच्या न्यायालयात उभा राहणारा आरोपी खरोखर अपराधी असेल, तर पोलीस ठाण्याबाहेर मिळविलेला पुरावा त्याला दोषी ठरवील आणि ती शिक्षा अपिलातही टिकेल. तो निरपराध असेल, तर खरा गुन्हेगार अजून मोकळा आहे हे समाजाला वेळीच कळेल. कबुलीजबाबाविषयीचा तो जुना नियम या दोन्ही हेतूंसाठी केलेला आहे.