आबालाल रहिमान यांची निसर्गचित्रे : साम्य आणि ऋण

कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान (सुमारे १८६०–१९३१) यांच्या निसर्गचित्रांची चर्चा फ्रेंच दृक्प्रत्ययवाद्यांच्या उल्लेखावाचून सहसा पुरी होत नाही. प्रकाशात विरघळणाऱ्या कडा, पाण्यावरील क्षणिक छटा, तपशिलाहून वातावरणाला दिलेले महत्त्व, हे साम्य उघड आहे. परंतु साम्यावरून ऋण सिद्ध होत नाही. भाषाभ्यासकास हे नवे नाही : दोन भाषांत एकच विशेष आढळला, तर त्याचे कारण समान कुल, परस्परसंपर्क किंवा स्वतंत्र विकास यांपैकी कोणतेही असू शकते.

यांपैकी संपर्काची बाजू सर्वांत दुबळी ठरते. दृक्प्रत्ययवाद्यांचे पहिले प्रदर्शन पॅरिसमध्ये १८७४ साली भरले हे खरे. पण आबालाल ज्या जे. जे. कलाशाळेत १८८० नंतरच्या दशकात शिकले, तेथील शिक्षण ब्रिटिश अकादमीच्या वळणाचे होते. जॉन ग्रिफिथ्स यांच्या त्या शाळेत काटेकोर रेखनावर भर असे. १८८८ साली आबालालांना मिळालेले व्हाइसरॉय पदक याच शिस्तीचे फळ होय.

समान कुलाचा विचार मात्र अधिक फलदायी आहे. १८७०–७१ च्या युद्धकाळात मोने आणि पिसारो लंडनला गेले असता त्यांनी टर्नर व कॉन्स्टेबल यांची चित्रे पाहिली होती. त्याच इंग्रजी निसर्गचित्रणाची, विशेषतः जलरंगाची, परंपरा शालेय स्वरूपात का होईना, मुंबईसही पोचली होती. (मूळ एक, शाखा दोन; मधला दुवा आपण उगाच पॅरिसमध्ये शोधीत बसतो.)

उरलेला भाग कोल्हापूरचा. शिक्षण आटोपून आबालाल गावी परतले आणि कोटितीर्थाच्या काठी जवळजवळ विरक्ताप्रमाणे राहिले. शाहू महाराजांचा आश्रय लाभला, तरी त्यांचे मन रमले ते कोटितीर्थ, पंचगंगेचा घाट आणि रंकाळ्यावरील संध्यामठ येथेच. मोनेने १८९०–९१ मध्ये गवताच्या गंजी निरनिराळ्या वेळी रंगविल्या, तो योजनापूर्वक केलेला प्रयोग होता. आबालालांच्या बाबतीत तीच स्थळे पुनःपुन्हा येतात ती नित्याच्या वावरातून. एकाच जलाशयाशी वर्षानुवर्षे राहणाऱ्याला सकाळचे पाणी आणि सायंकाळचे पाणी यांतील अंतर दाखविण्यास बाहेरच्या गुरूची गरज पडत नाही.

त्यांची बरीच चित्रे आज उपलब्ध नाहीत, हीच या विवेचनाची मोठी अडचण. म्हणून त्यांचा ठसा त्यांच्यामागून आलेल्या दत्तोबा दळवी, बाबूराव पेंटर आदी कोल्हापूरकरांच्या कामातही पारखून पाहावा लागतो.