मातीची माणसे

मेक्सिको नावाचा देश अमेरिका खंडात आहे. आपल्यापासून फार लांब, समुद्रापलीकडे. पण मका आणि मिरची ही पिके मूळची तिकडचीच. तेव्हा तो मुलूख आपल्याला अगदीच परका नाही म्हणा!

या देशाच्या पश्चिमेला हालिस्को, नायारित आणि कोलिमा असे तीन प्रांत आहेत. सुमारे २००० वर्षांपूर्वी तिथले लोक मातीच्या मूर्ती करीत. मूर्ती म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे देव येतो. पण या मूर्ती बहुतेक माणसांच्या आहेत. कुणी बाई पोराला घेऊन बसली आहे. कुणी ढोल वाजवतो आहे. नवराबायको शेजारी शेजारी बसली आहेत. कुठे तर आख्खे घरच केले आहे. आत माणसे जेवताहेत आणि दाराशी कुत्रे!

कोलिमाची कुत्री तर फार नामी. गुबगुबीत, तांबडी, घोटून चकचकीत केलेली. एकाच्या तोंडात मक्याचे कणीस आहे. मेलेल्या माणसाला कुत्रे नदीपार नेते, असा मेक्सिकोतल्या पुढच्या काळच्या लोकांचा समज होता.

हे सारे काम नुसत्या हाताचे. कुंभाराचे चाक तिकडे नव्हते. मोठी मूर्ती आतून पोकळ ठेवीत. भरीव मोठा गोळा भाजताना तडकतो, हे कुंभाराला सांगायला नको.

या लोकांना लिहिणे ठाऊक नव्हते. मागे पोथी नाही, शिलालेख नाही. ते कसे राहत, काय नेसत, ते या मूर्तीच सांगतात. पण निम्मेच सांगतात. का, ते बघा.

मूर्ती मेलेल्या माणसाजवळ ठेवीत. आधी आडासारखा सरळ खड्डा खणायचा. मग तळाशी पेवासारखी खोली कोरायची. त्यात घरातली माणसे पुरायची. पुढे चोरांना याचा पत्ता लागला. त्यांनी बहुतेक खोल्या उकरल्या आणि मूर्ती विकल्या. आज मोठमोठ्या संग्रहालयांत त्या मांडलेल्या दिसतात. पण ही कुणाजवळ ठेवली होती, बाईजवळ की गड्याजवळ, ते कोण सांगणार?

१९९३ साली मात्र हालिस्कोतल्या वित्सिलापा गावी चोरांचा हात न लागलेली एक जागा सापडली. खड्डा सुमारे २५ फूट खोल. तळाशी दोन खोल्या. त्यांत सहा माणसे. एका पुरुषाच्या अंगावर हिरव्या खड्यांचे आणि शिंपल्यांचे दागिने होते, भोवती मोठे शंख. जाणत्यांनी हाडे तपासली. काहींच्या मणक्यांत जन्मापासूनची एकच खोड निघाली. म्हणजे ती माणसे एका रक्ताची होती.

चोर आधी पोचले असते, तर त्यांनी मूर्ती आणि दागिने तेवढे उचलले असते. हाडे पायाखाली चुरली असती.