नाटकाचा गल्ला आणि नटाचा वाटा

बेळगाव-खानापूर रस्त्यावरील मच्छे येथे औद्योगिक वसाहत आहे. तेथील कारखान्यांत राबणारा कामगार दिवाळी जवळ आली की बोनसाची वाट पाहतो, आणि त्याबद्दल त्याला कोणी लोभी म्हणत नाही. १९६५ च्या कायद्याने किमान ८.३३ टक्के बोनस हा पात्र कामगाराचा हक्क ठरविला आणि धंद्याला बरकत असेल तर तो २० टक्क्यांपर्यंत वाढावा अशी सोय केली. २०१९ च्या वेतन संहितेनेही हे तत्त्व कायम राखले. ज्याच्या श्रमातून नफा उभा राहतो त्याचा त्या नफ्यावर काही हक्क आहे, हे कारखान्यापुरते तरी आपण मान्य केले आहे. मग रंगभूमीलाच हा न्याय का लागू होऊ नये?

सीमाभागातील गावोगाव यात्रेनिमित्त गावकरी हौसेने नाटके करतात. तेथे नफा नाही, म्हणून हा प्रश्नही नाही. प्रश्न आहे तो तिकीट लावून चालणाऱ्या धंदेवाईक नाटकांचा. तेथे नटाला प्रयोगागणिक ठरलेली ‘नाइट’ मिळते. नाव झालेला नट ती वाढवून घेतो. परंतु दुय्यम भूमिका करणारे, साथीदार, पडद्यामागचे कामगार यांच्या हाती, नाटकाचे पंचवीस प्रयोग होवोत की पाचशे, फारसे अधिक पडत नाही.

वाटणी ही काही आमच्या रंगभूमीला अपरिचित गोष्ट नव्हे. याच बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी १८८० साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणून संगीत नाटकाचे युग सुरू केले. त्यांच्या मंडळीतून १९१३ साली बाहेर पडून बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली, ती भागीदारीत. १९१८ साली मास्टर दीनानाथ, चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांची बलवंत संगीत मंडळी उभी राहिली, तीही भागीदारीतच. मात्र या मंडळ्यांत मालक झाले ते दोघे-तिघे. बाकीची मंडळी पगारीच राहिली.

यावर निर्मात्याचा आक्षेप ठरलेला आहे. तो म्हणतो, ‘नफ्यात वाटेकरी व्हायचे, तर तोट्यातही व्हा.’ आक्षेप पोकळ नाही. बालगंधर्वांना कर्जाच्या ओझ्याखाली वर्षानुवर्षे गावे पालथी घालावी लागली. बलवंत मंडळीच्या भागीदारांनी बोलपटात पाऊल टाकले, १९३४ साली ‘कृष्णार्जुन युद्ध’ काढले, आणि त्या धंद्यात मंडळीची कंबर मोडली. भांडवल घालणाऱ्याची झोप उडते, हे आम्हांस ठाऊक आहे. त्याचे भांडवल प्रथम वसूल झाले पाहिजे, याबद्दल आमच्या मनात संदेह नाही.

परंतु नट काहीच पणाला लावीत नाही, हे मात्र खरे नव्हे. तो महिना-दीड महिना तालमीला देतो. नाटक पडले तर ते दिवस वाया जातात आणि पावसाळ्यात प्रयोग थंडावले तर घरची चूलही थंडावते. शिवाय नाटक कागदावरून रंगमंचावर येते ते त्याच्या देहातून व गळ्यातून. आपल्या कोकणातील दशावतारच घ्या. तेथे लिहिलेली संहिताच नसते. आख्यान ठरते आणि संवाद उभ्या उभ्या रचतो तो नट. त्या रात्रीचा लेखकही तोच. त्याला केवळ मजूर म्हणणे हा व्यवहार असेल, न्याय नव्हे.

कायद्याने हे तत्त्व एका अंगाने मान्यही केले आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदा असे सांगतो की, कलावंताच्या प्रयोगाचा व्यापारी उपयोग झाल्यास त्याला स्वामित्वधन मिळावे. म्हणजे मुद्रित प्रयोगावर हक्क, आणि जिवंत प्रयोगाच्या गल्ल्यावर मात्र नाही! न्यूयॉर्कमधील ‘हॅमिल्टन’ या संगीत नाटकाच्या मूळ नटसंचाने २०१६ साली नफ्यातील वाटा मिळविला. त्याने ते नाटक काही बुडाले नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. ठरलेली नाइट प्रत्येकाला मिळावीच. घातलेले भांडवल वसूल झाले की त्यापुढील नफ्याचा एक निश्चित हिस्सा मूळ संचातील नट, साथीदार आणि पडद्यामागील कामगार यांच्यात वाटला जावा. हे सारे तालमीपूर्वी लेखी ठरावे आणि हिशेबाची वही सर्वांना पाहावयास खुली असावी. आमच्या मते खरी अडचण टक्केवारीची नाही, ती या वहीची आहे.

कलावंत पैशासाठी हपापलेला असतो, असे म्हणणाऱ्यांनी १९२१ चे ‘संयुक्त मानापमान’ आठवावे. बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे दोन प्रतिस्पर्धी टिळक स्वराज्य फंडासाठी एका रंगमंचावर उभे राहिले. कार्य सर्वांचे असले की नट पदरमोड करूनही नाचतो. जेथे लाभ एकाचाच, तेथेच तो वाटा मागतो. त्यात गैर ते काय?