वाचाघात आणि मेंदूचे बाह्य उद्दीपन

पक्षाघातानंतर हातापायांत बळ परत येते, परंतु समोरच्या पेल्यास काय म्हणतात ते रुग्णास सांगता येत नाही. ह्या अवस्थेस वाचाघात म्हणतात. १८६१ साली पॅरिस येथे पॉल ब्रोका ह्याने केवळ ‘तां’ एवढाच उच्चार करू शकणाऱ्या रुग्णाच्या मेंदूत डाव्या ललाटखंडाची हानी दाखवून दिली. तेव्हापासून हा विषय वैद्यकाइतकाच भाषाशास्त्राचाही झाला आहे.

कवटी न उघडता मेंदूचे उद्दीपन करण्याच्या दोन रीती प्रमुख होत. पहिली १९८५ साली शेफील्ड येथे अँथनी बार्कर व त्याचे सहकारी ह्यांनी सिद्ध केली. डोक्याजवळ धरलेल्या तारेच्या वेटोळ्यातून क्षणमात्र प्रवाह सोडला असता बदलते चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होते व त्यायोगे मेंदूत वीज प्रेरित होते. दुसऱ्या रीतीत एक-दोन मिलिअँपिअर इतका मंद एकदिश प्रवाह वापरतात. तो पेशींस स्वतः कार्यप्रवृत्त करीत नाही. त्यांची उद्दीपनक्षमता तेवढी कमीअधिक करतो. म्हणूनच तो वाक्-उपचारांच्या जोडीने दिला जातो, त्यांच्याऐवजी नव्हे.

डावा गोलार्ध दुखावला असता उजवा अतिरिक्त प्रमाणात कार्य करू लागतो व डाव्याच्या सुधारणेस अडसर होतो, अशी एक उपपत्ती आहे. तीस अनुसरून बोस्टन येथे मार्गारेट नेझर हिने उजव्या ललाटखंडावर मंदगती चुंबकीय स्पंदने योजिली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या प्रयोगातील चार रुग्णांचे चित्रनामकथन सुधारले. २०१८ साली अमेरिकेतील ७४ रुग्णांवरील चाचणीतही खऱ्या प्रवाहाचा गट लटक्या प्रवाहाच्या गटाहून सरस ठरला. तथापि मोठी चाचणी करणे सार्थ आहे की नाही, एवढाच निर्णय करण्याचा तिचा हेतू होता.

येथे भाषाशास्त्रज्ञाने एक प्रश्न विचारणे प्राप्त आहे. चित्र पाहून नाम सांगता आले, म्हणजे भाषा परत आली काय? मराठीत ‘मुलाने आंबा खाल्ला’, ‘मुलाने चिंच खाल्ली’, ‘मुलाने केळे खाल्ले’ असे क्रियापद कर्माच्या लिंगानुसार बदलते. ‘आंबा’ हा शब्द आठवणाऱ्या रुग्णास हा मेळ साधेलच असे नाही; आणि घरी त्यास चित्रांची नावे सांगावयाची नसून वाक्यांनी आपले मनोगत सांगावयाचे असते. उपचाराचे यश मोजावयाचे, तर मापही त्याच्याच भाषेच्या व्याकरणातून घडविले पाहिजे. ते घडविणे हे भाषाशास्त्राच्या विभागांचे कर्तव्य होय.