टेनिस एल्बो : शस्त्रक्रियेनंतरची वाटचाल

'टेनिस एल्बो' हे नाव ऐकले की हा श्रीमंत खेळाडूंचा आजार असावा असा समज होतो. वास्तविक या दुखण्याच्या बहुसंख्य रुग्णांनी आयुष्यात कधी टेनिसची रॅकेट हाती धरलेली नसते. १८७३ साली रुंगे या जर्मन डॉक्टरांनी या दुखण्याचे वर्णन केले, तेही लेखणी चालविणाऱ्यांच्या हातदुखीविषयी लिहिताना. टेनिसचे नाव त्याला पुढील दशकात इंग्लंडमध्ये चिकटले. आपल्या वसमत भागात हळद खणणारे, ऊस तोडणारे, गवंडी, सुतार, हापशावर पाणी भरणाऱ्या व धुणे पिळणाऱ्या भगिनी आणि दिवसभर शिक्के मारणारे आमच्यासारखे कारकून, हे सर्व त्याचे गिऱ्हाईक होत. वय साधारण ३५ ते ५० चे असते.

दुखणे नेमके कोठे असते?

मनगट वर उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरील बाजूच्या हाडाच्या उंचवट्याला कंडरेने बांधलेले असतात. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी. मुठीने तेच ते काम वर्षानुवर्षे केल्याने ही दोरी झिजते व तिचे धागे सुटू लागतात. मग चहाचा कप उचलला तरी कळ येते. असे असले तरी घाबरण्याचे कारण नाही. दहापैकी आठ-नऊ रुग्ण विश्रांती, व्यायाम व कामाच्या पद्धतीतील बदलाने साधारण वर्षभरात बरे होतात. इंजेक्शनने ताबडतोब आराम पडतो, परंतु स्टेरॉइडच्या इंजेक्शनानंतर काही महिन्यांनी दुखणे उलटण्याचे प्रमाण अधिक असते. सहा ते बारा महिने उपचार करूनही गुण आला नाही, तरच डॉक्टर शस्त्रक्रियेचा विचार करतात. तीत कंडरेचा खराब झालेला भाग काढून टाकतात.

शस्त्रक्रियेनंतरचे टप्पे

पहिला आठवडा हात आधारपट्टीत राहतो. या काळात हात उशीवर उंच ठेवावा आणि बोटे व खांदा हलवीत राहावे. दहा ते चौदा दिवसांत टाके निघतात. त्यानंतर कोपर व मनगट हळूहळू वाकविण्याचे व ताणण्याचे व्यायाम सुरू होतात. ताकदीचे व्यायाम साधारण दोन महिन्यांनी करावयाचे असतात. हात टेबलावर, तळवा खाली, मनगट कडेबाहेर आणि मुठीत पाण्याने भरलेली अर्ध्या लिटरची बाटली घ्यावी. दुसऱ्या हाताच्या मदतीने मनगट वर न्यावे व सावकाश खाली सोडावे. हे सर्व डॉक्टरांच्या अथवा फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्यानेच करावे. जड कामाला चार ते सहा महिने लागतात. ताप येणे, जखमेतून पू येणे किंवा बोटे बधिर होणे यांपैकी काही आढळल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

खरा धोका दुसऱ्या महिन्यात असतो. वरची जखम भरलेली असते, कळ कमी झालेली असते आणि घरचे काम खोळंबलेले असते. माणूस म्हणतो, आता बरे झाले. परंतु आतली दोरी अजून कच्ची असते.

एक सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण

सचिन तेंडुलकर यांना २००४ साली हे दुखणे जडले. मे २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर सुमारे साडेचार महिने त्यांना क्रिकेटची बॅट धरता आली नाही. मुलाची प्लास्टिकची बॅटही आपल्याला उचलवत नव्हती, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. २५ ऑक्टोबर २००५ रोजी नागपूरला श्रीलंकेविरुद्ध ते पुन्हा मैदानात उतरले व त्यांनी ९३ धावा काढल्या. त्याच डिसेंबरात दिल्लीला ३५ वे कसोटी शतक ठोकून त्यांनी सुनील गावस्कर यांचा ३४ शतकांचा विक्रम मागे टाकला. विद्यार्थी मित्रांनी ध्यानात घ्यावे ते हे की, एवढ्या मोठ्या खेळाडूलाही मधले पाच महिने चुकले नाहीत.

आपण काय करू शकतो?

सचिनजींना पाच महिने थांबणे परवडले. ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते त्याने काय करावे? ही शस्त्रक्रिया तातडीची नसते, म्हणून तिची वेळ आपल्याला डॉक्टरांशी बोलून ठरविता येते. हळदीची काढणी व ऊसतोड आटोपल्यावर, पाडव्याच्या सुमारास ती झाली तर दिवाळीपर्यंत हाताला सहा महिने मिळतात. मधल्या खुरपणीला मात्र त्या हाताने जाऊ नये. नांदेडजवळ विष्णुपुरी येथे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अस्थिरोग विभाग आहे, तेथे सल्ला घेता येईल.

कामाच्या सवयीही बदलाव्यात. पिशवी उचलताना तळवा वर असावा. धुणे पिळण्याऐवजी निथळत ठेवावे. खुरप्याच्या व कुदळीच्या दांड्याला कापड गुंडाळून मूठ जाड करावी.

आणि शेवटी शेजारधर्म. आपल्या वस्तीत कोणा भगिनीच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली, तर तरुणांनी दोन महिने तिच्या घरी दोन घागरी पाणी नेऊन द्यावे. घरातील पुरुषांनी पीठ मळावे, धुणे धुवावे. 'टाके निघाले, आता कामाला लाग' असे तिला कोणीही म्हणू नये. एवढे झाले तरी शस्त्रक्रियेवर खर्च केलेला पैसा वाया जाणार नाही.